पत्र न उघडता : ईमेल सर्व्हरच्या परवानग्या आणि संपर्काचा अभ्यास
(प्रस्तावना)

गारगोटीच्या तहसील कार्यालयात, पंचायत समितीत किंवा कुठल्याही जुन्या संस्थेच्या कचेरीत टपाल आले की ते आधी बारनिशीकडे जाते. तिथला कारकून शिक्का मारतो, आवक क्रमांक घालतो आणि वहीत एक ओळ लिहितो : मिळाल्याची तारीख, पाठवणाऱ्याचे नाव, त्याच्या पत्राचा क्रमांक व दिनांक, विषय, कोणत्या संकलनाकडे दिले. उत्तर गेले की जावक क्रमांक पडतो. ‘गोपनीय’ असे लिहिलेले बंद पाकीट आले तर तो ते फोडत नाही. पाकिटावर दिसते तेवढेच नोंदवतो, ज्याच्या नावाचे आहे त्याच्या हाती देतो आणि सही घेतो. या वहीत एकाही पत्राचा मजकूर नसतो. तरीही वर्षभराची वही समोर घेऊन बसलेल्या जाणत्या अधिकाऱ्याला पुष्कळ कळते : कागद कोणत्या संकलनाकडे तुंबतो, कोणत्या गावाला एकाच कामासाठी पुनःपुन्हा लिहावे लागते, कुठला पत्रव्यवहार पावसाळ्यात वाढतो आणि कुठला मार्चअखेरीस.

ज्या अभ्यासाची ही प्रस्तावना आहे तो या वहीच्या वाचनाचाच अभ्यास आहे. ईमेल सर्व्हर अशी वही आपोआप, सेकंदासेकंदाला लिहीत असतो. कोणी कोणाला लिहिले, कधी लिहिले, उत्तर किती वेळाने गेले, कुठे अडले, हे सगळे त्यात असते. यावरून संस्थेतला संवाद कसा वाहतो ते समजून घेण्याला आज ‘कम्युनिकेशन ॲनालिटिक्स’ म्हणतात. अडचण एका ठिकाणी येते. बारनिशीच्या कारकुनाकडे वही असते आणि पत्रांचे कपाट दुसऱ्याच्या ताब्यात असते. सर्व्हरमध्ये वही आणि कपाट एकाच यंत्रात, पुष्कळदा एकाच पासवर्डमागे असतात. वही मागायला गेलेल्याच्या हाती सहज कपाटाची किल्लीही येते. म्हणूनच सर्व्हरवरची परवानगी ठरवणे ही या अभ्यासातली पहिली संशोधकीय कृती आहे असे मी मानतो. तंत्रज्ञाकडे सोपवून मोकळे होण्याजोगी ती पूर्वतयारी नाही. आपण काय पाहायला मागतो यावरच कोणता प्रश्न प्रामाणिकपणे विचारता येईल आणि कोणता नाही, हे ठरते.

मराठी वाचकाला या अभ्यासाची रीत परकी वाटायचे कारण नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड प्रसिद्ध केले. त्या दफ्तराशी झुंजलेल्या संशोधकांचा कितीतरी वेळ मजकुराआधी पत्राच्या बाह्यांगावर गेला आहे. मराठी पत्रांत पुष्कळदा ‘छ’ लिहून चांद्रमासाची तारीख दिलेली असते, पण वर्ष दिलेले नसते. मग पत्र कोणी कोणाला लिहिले, कोणत्या मुक्कामी लिहिले, त्या आधीचे आणि नंतरचे पत्र कोणते, यावरून वर्ष बसवायचे. राजवाड्यांनी आणि वासुदेवशास्त्री खऱ्यांनी हे काम आयुष्यभर केले. पाठवणारा, घेणारा, वेळ आणि मार्ग या चार गोष्टींवरून घटनांची साखळी उभी करण्याची शिस्त आपल्याकडे अशी आधीच तयार आहे.

ईमेलमध्येही तारखेचा हाच घोळ निघतो, फक्त वेगळ्या रूपात. संदेशाच्या शीर्षभागातली ‘डेट’ ही पाठवणाऱ्याच्या यंत्राने घातलेली असते आणि त्या यंत्राचे घड्याळ चुकीचे असू शकते. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली ‘रिसीव्ह्ड’ ओळ वरच्या बाजूला चढवतो, म्हणून प्रवास खालून वर वाचावा लागतो. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर लावलेला असेल, तर रात्री ९ वाजता प्राध्यापकांनी पाठवलेले पत्र नोंदीत दुपारी साडेतीनचे दिसते. ही साडेपाच तासांची तफावत लक्षात न घेता ‘आमच्याकडे रात्री कोणी काम करत नाही’ असा निष्कर्ष काढला, तर तो साफ खोटा ठरेल.

ईमेलचे तीन थर आधी नीट वेगळे करावे लागतात, कारण पुढची सगळी परवानग्यांची चर्चा त्यांवर उभी आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये एसएमटीपीचा जो दस्तऐवज लिहिला त्यात सर्व्हर-सर्व्हरमधला संवाद ठरवून दिला आहे : हे पत्र कोणाकडून, कोणाकडे. हा पाकिटाचा थर. सर्व्हरच्या लॉगमध्ये मुख्यतः हाच उतरतो. दुसरा थर शीर्षभागाचा : प्रेषक, प्राप्तकर्ता, विषय, संदेशाचा क्रमांक, कोणत्या संदेशाला हे उत्तर आहे त्याचा संदर्भ. तिसरा थर मजकूर आणि सोबतच्या फाइलींचा. पाकीट आणि शीर्षभाग यांत एकच माहिती असते असे समजू नये. ‘बीसीसी’मध्ये घातलेला माणूस पाकिटावर असतो, पण इतरांना पोचलेल्या पत्राच्या शीर्षभागात नसतो. म्हणजे लॉग वाचणाऱ्याला अशी एक गोष्ट दिसते जी खुद्द पत्र मिळालेल्यालाही दिसत नाही. केवळ नोंदी वाचतो म्हणून आपण निरुपद्रवी आहोत, असे कोणाला वाटत असेल तर त्याने इथे थांबून विचार करावा.

या नोंदींवरून किती काही शिकता येते याचे दाखले विद्यापीठांतूनच मिळतात. जर्मनीतल्या कील विद्यापीठाच्या सर्व्हरचे ११२ दिवसांचे लॉग घेऊन एबेल, मिल्श आणि बोर्नहोल्ट यांनी २००२ मध्ये ईमेलच्या जाळ्याची रचना मांडली. थोड्या पत्त्यांशी पुष्कळ दुवे आणि बहुतेकांशी मोजकेच, असा तिचा आकार होता. २००६ मध्ये कोसिनेट्स आणि वॉट्स यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठातील ४३,५५३ विद्यार्थी, शिक्षक व कर्मचाऱ्यांचा एका शैक्षणिक वर्षाचा ईमेल-व्यवहार अभ्यासला. पत्रांचा मजकूर त्यांनी घेतला नव्हता आणि ओळखी सांकेतिक केल्या होत्या. तरीही सामाईक ओळखीचा माणूस किंवा सामाईक वर्ग असेल तर नवे नाते जुळण्याचा संभव वाढतो, आणि एकेका माणसाचे जाळ्यातले स्थान बदलत असले तरी एकूण जाळ्याचा आकार बराचसा स्थिर राहतो, हे त्यांना दाखवता आले. इतका मोठा निष्कर्ष एकही पत्र न उघडता निघाला. नव्या अभ्यासकाने सुरुवात या निबंधापासून करावी असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरा दाखला एन्रॉनचा. डिसेंबर २००१ मध्ये ही अमेरिकन वीज-वायू कंपनी दिवाळखोरीत गेली. महाराष्ट्राला तिचे नाव दाभोळमुळे वेगळे सांगायला नको. चौकशीच्या ओघात अमेरिकेच्या ऊर्जा नियामक आयोगाने २००३ मध्ये सुमारे दीडशे जणांच्या, बहुतेक वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या, पेट्या जशाच्या तशा जाहीर केल्या. त्यातून स्वच्छ करून तयार झालेल्या संग्रहात सुमारे ५ लाख संदेश आहेत. पत्रांचे वर्गीकरण, संभाषणांची जुळणी, जाळ्यांचे विश्लेषण, अशा कितीतरी पद्धती गेल्या वीस वर्षांत या संग्रहावर घासून तपासल्या गेल्या. पण त्या पेट्यांत घरची पत्रे होती, खासगी दुःखे होती, आणि ज्यांची ती होती त्यांना कोणी विचारले नव्हते. पुढे काही कर्मचाऱ्यांच्या विनंतीवरून काही संदेश संग्रहातून काढावे लागले, पण तोवर प्रती जगभर गेल्या होत्या. आपल्या विषयाला या संग्रहाने भरपूर दिले. त्या माणसांचे देणे मात्र अजून फिटलेले नाही, असे मला वाटते.

आता किल्ल्यांकडे वळू. संस्थेचा सर्व्हर स्वतःचा असेल आणि त्यावर पोस्टफिक्ससारखी मुक्त प्रणाली चालत असेल, तर अभ्यासकाचे काम सर्वांत सोपे आहे. पोस्टफिक्स प्रत्येक संदेशाला रांगेतला एक क्रमांक देते आणि लॉगमध्ये प्रेषक, प्राप्तकर्ता, पुढचा सर्व्हर, लागलेला वेळ आणि ‘सेंट’, ‘डिफर्ड’ किंवा ‘बाउन्स्ड’ अशी स्थिती लिहिते. नेहमीच्या मांडणीत विषयाची ओळ त्यात येत नाही. इथे द्यायची परवानगी म्हणजे लॉगची फाइल वाचण्याचा अधिकार असलेल्या गटात अभ्यासाचे एक स्वतंत्र खाते घालणे. त्याला लिहिण्याचा अधिकार नको, रूटचा पासवर्ड तर नकोच. त्याहूनही बरे म्हणजे व्यवस्थापकाने रोज रात्री लॉगमधून लागणारे रकाने वेगळे काढून दुसऱ्या यंत्रावर ठेवावेत आणि अभ्यासकाने सर्व्हरला हातच लावू नये.

मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजमध्ये पेच वाढतो. तिथे ‘मेसेज ट्रॅकिंग लॉग’ मुळातच चालू असतो आणि मुदत न बदलल्यास ३० दिवसांच्या नोंदी ठेवतो. त्यात विषयाची ओळही आपोआप येते. ही ओळ साधी वाटते, पण ‘वैद्यकीय रजेबाबत’, ‘विभागीय चौकशीबाबत’ अशा दोन शब्दांतही माणसाचे सगळे उघडे पडते. ती न लिहिण्याची सोय एक्स्चेंजमध्ये आहे. अभ्यास सुरू होण्याआधी ती वापरावी, किंवा निदान नोंदी बाहेर काढताना तो रकाना सोडावा. २०१० च्या आवृत्तीपासून एक्स्चेंजमध्ये अधिकार भूमिकांनुसार वाटता येतात, त्यामुळे फक्त पाहण्यापुरती भूमिका देणे शक्य आहे. तरीही घाईत असलेला व्यवस्थापक अभ्यासाच्या खात्याला सरळ पूर्ण प्रशासकाचा अधिकार देऊन टाकतो, कारण मग काहीच अडत नाही. आणखी एक भूमिका बराच काळ सर्रास वापरली गेली : ‘ॲप्लिकेशन इम्पर्सोनेशन’. ती मिळालेली प्रणाली कोणाच्याही पेटीत त्या माणसाच्या नावाने वावरू शकते. व्याप्ती आखून दिली नाही तर संस्थेतली प्रत्येक पेटी तिच्या कक्षेत येते.

क्लाउडवर आल्यावर हीच गोष्ट नव्या नावांनी भेटते. मायक्रोसॉफ्ट ग्राफमध्ये परवानगी दोन जातींची असते. ‘डेलिगेटेड’ म्हणजे समोर बसलेल्या माणसाच्या वतीने, त्याला जेवढे दिसते तेवढ्यापुरती. ‘ॲप्लिकेशन’ म्हणजे कोणीही समोर नसताना, प्रणालीच्या स्वतःच्या नावे, आणि वेगळी मर्यादा न घातल्यास संस्थेतल्या सगळ्या पेट्यांना लागू. विश्लेषणाच्या कामाला बहुधा दुसरी जात लागते. अशा वेळी ‘मेल.रीड’ न मागता ‘मेल.रीडबेसिक.ऑल’ मागावे. त्यात मजकूर, त्याची झलक आणि सोबतच्या फाइली मिळत नाहीत, शीर्षभागाची माहिती मिळते. एक्स्चेंज ऑनलाइनच्या भूमिकांची आखणी वापरून हीच परवानगी सबंध संस्थेऐवजी ठरावीक पेट्यांपुरती, समजा परीक्षा विभागाच्या आणि प्रवेश विभागाच्या सामाईक पेट्यांपुरती, देता येते. गूगल वर्कस्पेसमध्ये ‘डोमेन-वाइड डेलिगेशन’ने एखाद्या सर्व्हिस अकाउंटला सबंध संस्थेच्या वतीने वाचता येते. तिथे ‘जीमेल.मेटाडेटा’ ही व्याप्ती घेतली तर शीर्षभाग आणि लेबले दिसतात, मजकूर दिसत नाही. ही व्याप्ती घेतल्यावर शोधाची चौकट वापरता येत नाही, म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे कंटाळून ‘जीमेल.रीडओन्ली’कडे जातात, आणि एका शोधाच्या सोयीसाठी सबंध संस्थेची पत्रे उघडी होतात. असा बदल करण्याआधी त्याचे कारण कागदावर लिहून दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्यावे. बहुतेक कारणे तेवढ्यानेच गळून पडतील.

‘जर्नलिंग’बद्दल एवढेच सांगतो. प्रत्येक पत्राची आख्खी प्रत वेगळ्या पेटीत पाठवणारी ही सोय कायदेशीर जतनासाठी आहे. संवादाच्या अभ्यासाला तिची गरज पडावी असा प्रश्न मला अजून भेटलेला नाही.

गारगोटीसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट उभी राहते, आणि परदेशी निबंधांत ती फारशी सापडत नाही. इथल्या संस्था लहान आहेत. पत्ते सांकेतिक केले की काम झाले, असे मोठ्या विद्यापीठात काही अंशी म्हणता येईल. दोनशे माणसांच्या संस्थेत ते चालत नाही. पत्त्याचा साधा हॅश काढला तर तो उलगडायला क्षणही लागत नाही, कारण सगळे पत्ते माहीतच असतात : एकेकाचा हॅश काढून जुळवायचा. यावर उपाय म्हणून गुप्त चावी मिसळून हॅश काढतात आणि ती चावी अभ्यासकाकडे ठेवत नाहीत. हे करायलाच हवे. तरीही जाळ्याचा आकारच बोलतो. ज्या बिंदूकडून सगळ्यांना पत्र जाते तो प्राचार्य, ज्याच्याकडे पगाराच्या आठवड्यात गर्दी होते तो लेखापाल, आणि ज्याचे दुवे जूनमध्ये अचानक तुटतात तो निवृत्त झालेला माणूस, हे चहाच्या टपरीवर बसलेला कोणीही ओळखेल. बॅकस्ट्रॉम, ड्वर्क आणि क्लाइनबर्ग यांनी २००७ मध्ये दाखवले होते की नावे पुसलेल्या जाळ्यातूनही ठरवलेली माणसे शोधून काढता येतात. लहान गावात त्यासाठी गणितसुद्धा लागत नाही. म्हणून लहान संस्थेने व्यक्तींचे जाळे रेखाटूच नये. विभागाविभागांमधला प्रवाह मोजावा, आणि ज्या गटात चार-पाचच माणसे आहेत तो दुसऱ्या गटात मिसळून टाकावा.

कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. पत्रे अडवून पाहण्याचा सरकारचा अधिकार १८९८ च्या डाक कायद्यात होता. तो वाढवणारे विधेयक १९८६ मध्ये संसदेने मंजूर केले, पण राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते तसेच राहिले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा आला. संशोधन आणि सांख्यिकीसाठी त्यात सवलत आहे. मात्र ती विदा एखाद्या विशिष्ट माणसाविषयी निर्णय घेण्यासाठी वापरायची नाही, अशी अट आहे. अभ्यासाच्या नावाने गोळा केलेल्या नोंदी कोणाच्या बढतीच्या किंवा बदलीच्या फाइलीत गेल्या, की ती सवलत संपते. दुसरीकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. हे जतन सुरक्षेसाठी आहे. लॉग आहेतच, तर त्यांचे विश्लेषणही करू, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. त्यासाठी उद्देश वेगळा सांगावा लागतो आणि ज्यांची पत्रे आहेत त्यांना आधी कळवावे लागते. ती सूचना मराठीत असावी, फलकावर लागावी, आणि शिपायापासून संचालकापर्यंत प्रत्येकाला समजेल अशी असावी.

ईमेलमधून सगळा संवाद दिसतो, असेही नव्या अभ्यासकाने मानू नये. आपल्याकडच्या संस्थांचे निम्मे काम फोनवर, व्हॉट्सॲपच्या गटांत आणि समोरासमोर होते. वेदगंगेच्या पलीकडून सायकलीवर येणारा शिपाई निरोप तोंडी देतो, त्याची नोंद कुठल्याच सर्व्हरवर नसते. ज्याची पत्रे कमी, तो काम कमी करतो, हा निष्कर्ष या विदेतून कधीही निघत नाही, आणि तो काढणाऱ्याला अभ्यासक म्हणू नये.

मग विचारण्याजोगे प्रश्न कोणते? शिवाजी विद्यापीठाचे परीक्षेचे परिपत्रक कोल्हापुरातून निघाल्यापासून महाविद्यालयाच्या विभागांपर्यंत किती तासांनी पोचते? शिष्यवृत्तीच्या चौकशीला पहिले उत्तर कधी जाते, आणि कोणत्या महिन्यात उशीर होतो? बाहेर पाठवलेली किती पत्रे परत येतात, आणि ती चुकीच्या पत्त्यामुळे की समोरच्याची पेटी भरल्यामुळे? या तिन्ही प्रश्नांना पाकिटाचा थर जवळपास पुरतो, क्वचित शीर्षभाग लागतो. तीन पाळ्यांत शिकणाऱ्या, एसटीने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे तास मोलाचे आहेत. वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या मुलाला निरोप एक दिवस उशिरा मिळाला तर त्याचा एक अर्ज हुकतो.

या गावात असा अभ्यास व्हावा याला पूर्वपीठिकाही आहे. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे राहिले. पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव त्याला दिले गेले. १९५६ मध्ये देशात ग्रामीण उच्चशिक्षणाच्या ज्या पहिल्या संस्था निवडल्या गेल्या, त्यांत गारगोटी होती. हेच नाईक पुढे कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झाले आणि १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे पहिले सदस्य-सचिव. गावातली संस्था ही संशोधनाची जागा आहे, केवळ त्याचा विषय नाही, हे त्यांनी इथे प्रत्यक्ष चालवून दाखवले. तालुक्याच्या गावातल्या संगणक विभागाने आपल्याच संस्थेच्या नोंदी, आपल्याच माणसांच्या संमतीने, आपल्याच प्रश्नांसाठी वाचाव्यात, हे त्या कामाचेच पुढचे पाऊल होईल.

तेव्हा या वाटेला येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत. संगणकाचा विद्यार्थी असो, कार्यालयीन अधीक्षक असो की समाजशास्त्राचा प्राध्यापक, तिघांची इथे सारखीच गरज आहे. एकाला लॉग वाचता येतात, दुसऱ्याला कार्यालय कळते, तिसऱ्याला प्रश्न विचारता येतो. परवानगी देणारा आणि वापरणारा एकच माणूस नसावा. लहान संस्थेत संगणकाचे सगळे एकाच शिक्षकाकडे असते हे खरे, अशा वेळी मंजुरीची सही तरी दुसऱ्याची घ्यावी. परवानगीवर शेवटची तारीख असावी. सर्व्हिस अकाउंटची चावी कोणाच्या लॅपटॉपवर राहू नये. अभ्यास संपला की कच्च्या नोंदी नष्ट कराव्यात आणि तसे लिहून ठेवावे. सरकारी दफ्तरात ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवतात आणि ‘ड’ वर्गाचे वर्षाने काढून टाकतात. आपल्या कच्च्या नोंदींना ‘ड’ वर्गही जास्तच.

पुढील प्रकरणांची सुरुवात पोस्टफिक्सच्या लॉगने केली आहे, क्लाउडच्या परवानग्या नंतर घेतल्या आहेत. क्रम उलटा वाटेल, कारण बहुतेक संस्था आज क्लाउडवर आहेत. पण एका साध्या लॉगमधल्या ओळी हाताने वाचून, रांगेच्या क्रमांकावरून एका पत्राचा प्रवास जुळवून पाहिल्यावर किती थोड्या माहितीत किती उत्तरे असतात ते कळते. मग क्लाउडच्या पडद्यावर परवानग्यांची लांबलचक यादी समोर येईल तेव्हा त्यातल्या कोणत्या खुणा रिकाम्या सोडायच्या हे ठरवणे जड जाणार नाही.